वारा पडला की

खाली कडुनिंबाच्या फांद्या छाटतायत. तो ओला, कडू वास आला की मी आजही खिडकी लावून घेतो.

त्या दुपारी आमच्या वेस्ट मांबलम भागावरून चक्रीवादळ जाताना एकाएकी वारा थांबला, चक्क ऊन पडलं. "संपलं! कॉफीचं डिकॉक्शन उतरलंय, दूध घेऊन येतो," म्हणत अप्पा खाली गेले. तो वादळाचा डोळा होता, अर्धं वादळ अजून यायचं होतं, हे आम्हाला कुठं ठाऊक! वारा उलट्या दिशेनं आला. "अप्पा, पळा!" मी खिडकीचे गज धरून किंचाळत होतो, वारा ती हाक माझ्याच तोंडात परत कोंबत होता. फाटकाजवळचा जुना कडुनिंब त्यांच्यावरच कोसळला.

अशा वादळांत हल्ली फारशी माणसं मरत नाहीत, असं बातम्यांत सांगतात. अम्मा मात्र अजूनही वारा पडला की धावत जाऊन दाराला आतून कडी घालते.