शेवटच्या बाकावर ऐकलेलं वाक्य

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या नवऱ्याला, नितीनलाही नाही — आणि त्याच्यापासून मी तशी काही लपवत नाही. लिहायचं म्हणून बसले, तर आधी उठून चहा केला. मग डिशवॉशर रिकामा केला. मग बसले. बघा, अकरा वर्षांनंतरही टाळतेच आहे.

मी टेक्ससमध्ये, प्लेनोपासून पाऊण तासावरच्या एका हायस्कूलमध्ये बायॉलॉजी शिकवते. शाळेचं नाव सांगत नाही. मुलं मला मिसेस के म्हणतात. कुलकर्णी त्यांना फार लांब पडतं. चांगली शिक्षिका आहे म्हणतात. विशेषतः उत्क्रांतीचा धडा — तो म्हणे माझ्यासारखा कुणी शिकवत नाही. कुणाच्या श्रद्धेला धक्का लागत नाही, पालकांचे फोन येत नाहीत. दोनदा तर मला इतर शिक्षकांसमोर उभं केलं, हा धडा कसा घ्यावा ते सांगायला. मी सांगितलंही. अगदी हसतमुखानं.

नोकरीचं पहिलं वर्ष होतं. आमच्याकडे नव्या शिक्षकानं जुन्या शिक्षकाच्या वर्गात मागे बसून बघायचं, टिपणं काढायची, अशी पद्धत आहे. मी मिस्टर हॉलिसच्या वर्गात बसायचे. मनात मी त्यांना हॉलिस सर म्हणायचे — सवय जात नाही ना आपली. साठीला टेकलेले, उंच, खांदे जरा वाकलेले. रविवारी चर्चच्या क्वायरमध्ये गायचे. हो, चर्चमध्ये जाणारा माणूस! हे मुद्दाम सांगते, कारण पुढे त्यांच्याबद्दल जे बोललं गेलं त्यात हे कुणालाच आठवलं नाही.

उत्क्रांतीच्या धड्यासाठी त्यांच्याकडे एक खोकं होतं. त्यात घोड्याच्या खुरांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती. अगदी जुन्या, कुत्र्याएवढ्या घोड्याच्या चार बोटांपासून आजच्या एका खुरापर्यंत. ते एकेक काढून टेबलावर ओळीनं मांडायचे, आणि काही न बोलता मुलांना बघू द्यायचे. त्या दिवशीही तसंच चाललं होतं. तेवढ्यात केली नावाच्या मुलीनं हात वर केला. तिची आजी महिन्याभरापूर्वी गेली होती, सगळ्या वर्गाला ते माहीत होतं. ती म्हणाली, "म्हणजे माझी आजी देवाघरी गेली नाही? ती माकडांतलीच होती?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी हातातला खूर खाली ठेवला, मुलं गप्प होईपर्यंत थांबले, आणि म्हणाले, "केली, आजी कुठे गेली हे तुझं आणि तुझ्या चर्चचं आहे. त्याला मी हात लावणार नाही. इथे मी फक्त हाडं काय सांगतात तेवढंच सांगतो." केलीनं मान हलवली. झालं. एवढंच झालं.

मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. शब्दन्‌शब्द. वर तारा काढला.

केलीच्या घरी मात्र वेगळंच पोचलं. शिक्षकांनी मयत आजीला माकड म्हटलं, अख्ख्या वर्गाला हसवलं. केली असं म्हणाली का? मला नाही वाटत. हसणं तेवढं खरं होतं, ते कुणामुळे होतं ते वाटेत बदललं. मग पालकांची सह्यांची पत्रं आली. कुणी म्हणे सृष्टी देवानं निर्माण केली हेही शिकवा, कुणी म्हणे निदान त्या माणसाला वर्गातून काढा. आणि सरांनी प्रिन्सिपल बाईंना सांगितलं — मिसेस कुलकर्णींना विचारा, त्या तिथेच बसल्या होत्या.

आता तुम्ही म्हणाल, व्हिसा असेल. नोकरी जायची भीती असेल. मीही स्वतःला बरीच वर्षं हेच सांगत आले. पण त्या वर्षी आमचं ग्रीन कार्ड हातात आलं होतं. नितीनची नोकरी उत्तम चालली होती. माझ्या पगारावाचून आमचं काही अडणार नव्हतं.

मग काय होतं? खरंच, काय होतं? मला वाटत होतं, हे त्यांचं भांडण आहे. त्यांचा देव, त्यांचं पुस्तक, त्यांची मुलं. आपण कशाला मध्ये पडा? त्याच आठवड्यात इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत मी दशावतारावर स्लाइड्स दाखवल्या होत्या. मत्स्य, कूर्म, वराह — पाण्यातून जमिनीवर! पोरांनी टाळ्या वाजवल्या. जेवताना एक काका म्हणाले, "बघ, यांचं अजून आदम-हव्वाच चाललंय. डार्विनच्या आधी आपणच!" सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले. हातात श्रीखंडाची वाटी होती, ती हिंदकळली. आणि सोमवारी मला प्रिन्सिपल बाईंच्या केबिनमध्ये बोलावणं आलं.

त्यांनी पेन काढलं, कागद पुढे ओढला. "तुम्ही तिथे होतात. ते असं काही म्हणाले का?"

वही माझ्या पर्समध्ये होती. पर्स माझ्या मांडीवर.

मी म्हटलं, "मी पेपर तपासत होते. माझं लक्ष नव्हतं."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली — ती मला आवडली. कुणीतरी माझ्यावर खूश झालं, हे मला त्या क्षणी आवडलं. ते तसंच होतं.

पुढच्या वर्षीसाठी शाळेनं सरांशी करार केला नाही. जायच्या आधी ते माझ्या वर्गात आले. मी उभी राहिले. तेच म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. मागे त्या एसीचा आवाज फार येतो, काही ऐकू येत नाही." आणि ते खुरांचं खोकं माझ्या टेबलावर ठेवून गेले. म्हणाले, "तुमच्या उपयोगी पडेल."

पडलं. दर वर्षी पडतं. मी तसेच एकेक खूर काढते, ओळीनं मांडते, गप्प उभी राहते. दर वर्षी कुणीतरी हात वर करतं, आणि मी म्हणते — हे तुझं आणि तुझ्या घरच्यांचं आहे, इथे मी फक्त हाडं काय सांगतात तेवढंच सांगते. त्याच वाक्यावर मी चांगली शिक्षिका झाले. ज्या वाक्यानं एका माणसाची नोकरी वाचली असती, ते मी पर्समध्ये ठेवलं, आणि तो गेल्यावर बाहेर काढलं.

गेल्या आठवड्यात रिया आली होती मागे बसायला. आमच्या मंडळातलीच पोर, इथेच जन्मलेली. माझ्या दशावताराला टाळ्या वाजवणाऱ्यांतली. आता आमच्याच शाळेत नवीन शिक्षिका. शेवटच्या बाकावर बसून भराभर लिहीत होती. तास संपल्यावर धावतच आली. "ओ माय गॉड, काकू, दॅट लाइन! हाडं काय सांगतात! तुमचीच आहे ना? कॅन आय यूज इट?"

वहीत त्या वाक्यावर तिनं तारा काढला होता.

सांगता आलं असतं. वर्ग रिकामा होता, घाई नव्हती, समोर घरचीच मुलगी होती.

"हो, माझीच," मी म्हटलं. "वापर की."

ती गेली. मी खूर एकेक करून खोक्यात भरले. सरांच्या त्या तासाला एसी बंद पडला होता. उकडत होतं म्हणून सरांनी स्वतःच दार उघडून त्याला खुर्ची लावली होती. वर्गात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं.