न पाहिलेल्या मालिकेचे अध्यक्ष

तिकिटाचा पंच कानाशी धरून दोनदा वाजवायचा आणि म्हणायचं, "मंग?" शेगाव–लोणार गाडीच्या आमच्या कंडक्टरांची ही रीत. कुठं उतरायचं ते नंतर. आधी काल टीव्हीवर काय झालं ते सांगा.

काल म्हणजे रविवार. रविवारी सकाळी दहाला ती मालिका लागायची, आणि दहाला हे गाडीत उभे. मी जानेफळला राहायचो, कचेरी लोणारला; त्यामुळे सोमवारी माझी साक्ष ठरलेली. सव्वीसपैकी पंचवीस भाग झाले तोवर त्यांनी एकही पाहिला नव्हता. तरी त्या रस्त्यावर त्यांच्याइतकी मालिका कोणाला ठाऊक नव्हती.

कारण साधं होतं. टीव्ही नवे, वीज बेभरवशाची. आमच्याकडे ती सव्वादहाला जायची. पुढच्या गावात अँटेना वाऱ्यानं फिरायचा. अख्खा भाग कोणालाच दिसत नसे. सुरुवात एका थांब्यावर गाडीत चढे, शेवट दुसऱ्या थांब्यावर, आणि दोन्ही जोडून मिळत ते फक्त कंडक्टरांकडे. दोघेजण तर काही काम नसताना मेहकरपर्यंत येत. तुम्हीही आला असता.

मालिकेत एक खाष्ट सासू होती आणि तिची कुलूप लावलेली लोखंडी पेटी. पेटीत काय, यावर सगळी गाडी भांडायची. दागिने म्हणणारे दहात सात; मी मोजले होते. कंडक्टर एकटेच वेगळे.

"चिवडा हाये," ते म्हणायचे.

"काऊन भाऊ?" आमचा दूधवाला विचारायचा.

"म्हातारी दार लावून पेटीपाशी बसते. बरोबर? बाहेर आली का गटागटा पानी पिते. बरोबर? दागिने पाहून तहान लागते काय कोनाले?"

पाण्याचं आम्हीच सांगितलेलं, पण वेगवेगळ्या सोमवारी. जोडलं त्यांनी.

शेवटचा भाग जवळ आला तेव्हा त्यांनी ठरवलं की तो सगळ्यांनी एकत्र बसून पाहायचा. जानेफळच्या शाळेत टीव्ही होता. तिकिटागणिक आमंत्रण सुरू झालं: "संमेलन हाये, या बरं का." अध्यक्ष तेच. रजा तीन आठवडे आधी मांडली आणि मंजूरही झाली. "एक भाग तरी या डोयानं पाहीन," असं ते ड्रायव्हरलाही सांगत.

पण त्या रविवारी शेगावपासूनच इतकी माणसं निघाली की डेपोला ज्यादा गाडी सोडावी लागली. ज्यादा गाडीला ज्यादा कंडक्टर नव्हता. रजा रद्द झाली. नऊ चाळीसला गाडी जानेफळला लागली आणि दारात अध्यक्ष, गळ्यात तिकिटांची पिशवी.

"म्याच गर्दी जमवली," ते म्हणाले, "अन् गर्दीनं मलेच कामाले लावलं."

अठ्ठावन्न माणसं उतरली. गाडीत राहिली एक म्हातारी.

"थांबा ना भाऊ तासभर," दूधवाला म्हणाला.

कंडक्टरांनी म्हातारीकडे पाहिलं. म्हातारी म्हणाली, "मले नाई आवडत बाप्पा टीव्ही."

"लोणारचं तिकीट हाये तिचं," ते म्हणाले, आणि त्यांनी डबल घंटी दिली.

आम्ही अध्यक्षांच्या रिकाम्या खुर्चीला हार घातला. तो पाहून उशिरा आलेल्या एक बाई "कवा गेले हो?" म्हणून रडायला लागल्या. त्यांना गप्प करण्यात चार मिनिटं गेली. वीज मात्र त्या दिवशी गेली नाही. पेटी उघडली. आत घराचे कागद. भावाभावांत वाटणी झाली, सगळे रडले, संपलं.

"याच्यासाठी सव्वीस रविवार?" दूधवाला म्हणाला. 

साडेबाराला गाडी परतली. सगळे चढले, मी दाराशी निरोपाला उभा. पंच कानाशी गेला, दोनदा वाजला.

"मंग?"

अठ्ठावन्न माणसं तिकिटाचे सुटे पैसे मोजू लागली. कधी नव्हे ते.

"सांगा ना बे!"

माझ्या मागून दूधवाला ओरडला, "चिवडा!"

मग साऱ्या गाडीतून एकच आवाज उठला. चिवडा, चिवडा. हारवाल्या बाई तर म्हणाल्या, त्यात खोबऱ्याचे कापही होते. कंडक्टर हसले नाहीत. वळून माझ्याकडे पाहू लागले.

"भाऊसाहेब, तुमी हिशेबाचे मानूस. खरं सांगा. चिवडाच?"

कचेरीत वीस वर्षांत मी एकही आकडा चुकीचा लिहिला नव्हता.

"चिवडाच," मी म्हणालो. "दीड किलो असेल."

त्यांनी इतक्या जोरात दोरी ओढली की घंटी तीनदा वाजली आणि ड्रायव्हरला काय करावं कळेना.

पुढे त्या गाडीत कागदांचं नाव कोणी काढलं नाही. नवा प्रवासी बोलायला लागला की शेजारचा त्याला कोपरानं ढोसायचा. कंडक्टर निवृत्त होईपर्यंत हे चाललं. नंतर ते दिसले नाहीत.

दोनेक वर्षांनी तीच मालिका पुन्हा दाखवली. आता रविवारी ते घरी असणार, हे माझ्या ध्यानात होतं. सव्विसावा भाग झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ड्रायव्हरनं खिडकीतून माझ्या हातात एक डबा दिला. चिठ्ठी नव्हती. आत चिवडा, वर खोबऱ्याचे काप.

घरी आणून तराजूत घातला. दोनदा मोजला. दीड किलो, बरोबर.