दुप्पट सावलीची वेळ

परंड्यात सूर्य उगवतो तो स्वतःच्या मर्जीनं. पण उगवल्यानंतर त्याचं वेळापत्रक आमच्या शेजारच्या निवृत्त कंट्रोलरांच्या हाती असतं, याबद्दल मला आता शंका उरलेली नाही. तसा मी शंकेखोर मास्तर. फेटे आणि सत्कार दिसले की मी मागच्या रांगेत जाऊन शेंगदाणे खात बसतो. या माणसापुढं मात्र मी मनातल्या मनात टोपी काढतो. उघडपणे काढता येत नाही. भर दुपारी काढली तर ते रागावतात.

बसस्टँडवर त्यांनी तीस वर्षं शिट्टी वाजवून गाड्या सोडल्या. निवृत्तीच्या वर्षी नात जन्मली, ती केसांत आणि कातडीत रंगच नसलेली. हिला ऊन सोसणार नाही, जपलं नाही तर पुढं कातडीच्या कॅन्सरची भीती आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. कंट्रोलरांनी तेव्हापासून गाड्यांऐवजी ऊन सांभाळायला घेतलं. दाराशी काळी पाटी लावली आणि मोबाइलवर येणारा अतिनील किरणांचा आकडा रोज सकाळी तीवर खडूनं लिहू लागले. आकडा तीनच्या पुढं जाणार असला की गल्लीनं बाह्या खाली सोडायच्या, आठला भिडणार असला की दुपारी घराबाहेर पडायचंच नाही. ज्यांना आकड्यांचं वावडं त्यांच्यासाठी अंगणात काठी रोवलेली. तिची सावली काठीपेक्षा आखूड झाली की आडोसा गाठायचा. नातीला नियम अधिक कडक: सावली काठीच्या दुप्पट असेल तोवरच बाहेर. म्हणून पाटीवर रोज दोन वेळा असत, एक गावाची आणि एक तिची.

आषाढात आभाळ भरून आलेलं असताना ते छत्री उघडून चालले होते. पाऊस कुठंय, असं शेजारणीनं विचारलं तर म्हणाले, "पावसाची न्हाय, ही उनाची हाय. ढगातून बी येतंय ते." एका लग्नात तर बोहल्यावर चढू पाहणाऱ्या नवरदेवाला धरून त्यांनी कानांच्या पाळ्यांना उन्हाचं मलम चोपडलं, कारण बोहलं उघड्यावर होतं आणि मुहूर्त साडेबाराचा. दर दोन तासांनी पुन्हा लावायला हवं, म्हणून जेवणाच्या पंगतीतही त्याला गाठलं.

मी हसत असे. मग एका जानेवारीत आमच्या शाळेत पाहुणे यायचे होते. हवेत गारठा होता, पोरं कुडकुडत होती. नात सातवीत. ती सावलीला जाऊ का म्हणाली, तर मीच म्हणालो, "थंडी आहे, जरा ऊन खा." दुपारपर्यंत मुलं रांगेत उभी राहिली. संध्याकाळी तिच्या मानेवर फोड आले. मी माफी मागायला गेलो तेव्हा कंट्रोलर तिच्या मानेला गार फडकं लावत होते. वर न बघताच म्हणाले, "गुरुजी, चटका सांगून येतो. ही किरणं सांगत न्हाईत. थंडीत तर मुळीच न्हाय."

पुढच्या जानेवारीत तिनं धावण्याच्या शर्यतीत नाव दिलं. आबा, एकदा तरी पळू द्या, असा तिचा हट्ट. त्यांनी आठवडाभर सावली मोजली आणि शाळेला कळवलं, नऊच्या आत पळवा. शर्यत साडेआठला ठरली, पण उद्घाटक आले नाहीत. पावणेनऊ झाले. कंट्रोलरांनी मैदानात काठी उभी केली. मुख्याध्यापक घाम पुसत म्हणाले, "साहेब रस्त्यात हायेत, दहा मिनिटं थांबू."

"कुर्डुवाडीची गाडी म्या कुणासाठी थांबवली न्हाय," ते म्हणाले. "ऊन तर माझ्या बापाचं बी ऐकायचं न्हाय."

आणि त्यांनी खिशातून जुनी शिट्टी काढून वाजवली. पोरं सुटली. लांब बाह्या, गॉगल आणि रुंद कडांची टोपी सांभाळत नात पळाली. चौथी आली. सावली अजून दुप्पट होती. साहेब अकराला आले आणि त्यांनी रिकाम्या मैदानाचं उद्घाटन केलं. संध्याकाळी कंट्रोलरांनी नातीची मान दिव्याखाली नीट पाहिली, मग मला हाक मारून दाखवली. एकही डाग नव्हता.

आता ती पुण्याला शिकते आणि तिथलं ऊन स्वतःच बघते. पाटीवर मात्र अजून दोन वेळा असतात. गावाची वेळ कुणी पाळतं, कुणी पाळत नाही. दुसरी वाचणारी इथं नाही. म्हणून सकाळी फिरायला निघालो की मी ती वाचतो, आणि त्या वेळेच्या आत घरी परततो. कंट्रोलर ओट्यावरून बघत असतात. मग काठीकडं एक नजर टाकतात.