काका घरी हाय

“काका घरी हाय. इथं रेफरी हाय.”

नांदेडला आमच्या मैदानावर तुम्ही एकदा जरी फुटबॉल बघायला आला असाल, तरी हे वाक्य तुमच्या कानावर पडलं असणार. मोहल्ल्यातली सगळी पोरं आमच्या रेफरीला काका म्हणायची. पण मैदानात कुणी “काका, धक्का दिला हो त्यानं!” असं रडत गेलं, की ते एवढंच बोलायचे आणि बोटानं मागं सरकायची खूण करायचे. शिट्टी काळ्या करदोड्यात ओवून मनगटाला बांधलेली असायची.

पोटापाण्याला ते एसटीत कंडक्टर. लाल कार्ड दाखवताना तोंडातून हमखास “चल, उतर खाली” निघायचं. एकदा एक पुढारी चालू मॅचमध्ये चार कार्यकर्ते घेऊन रेषेच्या आत आले. त्यांना खेळाडूंशी हात मिळवायचे होते आणि तेही ताबडतोब. काकांनी खेळ थांबवला, हात जोडले.

“साहेब, गाडी फुल्ल हाय. पुढच्या फेरीला या.”

पुढारी स्वतःच हसत बाहेर गेले. माइकवर मी होतो. एरवी माझी टकळी चालू असते, पण त्या दिवशी मी गुपचूप स्वागताची यादी घडी करून खिशात घातली.

आमच्या गोलांना लावलेली जाळी म्हणजे गोदावरीवर मासे धरणाऱ्यांनी टाकून दिलेली जुनी जाळी. मॅचच्या आधी काका खिशात सुतळी घेऊन दोन्ही गोलांमागं फिरायचे आणि भोक दिसलं की गाठ मारायचे. मी चिडवायचो, “काका, किती मासे घावले?” ते म्हणायचे, “एक सुटला तर तुम्हीच माझ्या अंगावर येताल.”

गेल्या वर्षी आमचा मोहल्ला पहिल्यांदाच फायनलला पोचला. समोर औशाचा संघ. आमच्याकडून पुढं खेळत होता काकांचा पुतण्या. बाप लहानपणीच गेलेला, काकांनीच वाढवलेला. ठरलेला रेफरी ऐनवेळी तापानं आडवा झाला. औशाचा कॅप्टनच म्हणाला, “काकाच असू द्या. ते मैदानात कुणाचेच न्हाईत.”

अर्धापूरजवळ केळीचा ट्रक आडवा झाला होता, त्यामुळं काकांची गाडी अडकली. ते ड्युटीवरून थेट मैदानात आले. खाली खाकी पँट, वर रेफरीचा काळा शर्ट. लोक ओरडायला लागले होते. काकांनी तशीच शिट्टी मारली. सुतळी खिशातच राहिली.

मॅच संपत आली तरी गोल नव्हता. मग पुतण्यानं डाव्या अंगानं धाव घेतली, जोरात मारला आणि बॉल जाळ्यात. शिट्टी वाजली. मी माइकवर असा किंचाळलो की घसा बसला. फटाके फुटले, ढोल सुरू झाला.

काका मैदानाच्या मध्याकडं निघाले आणि निम्म्यात थांबले. तिथून खेळ पुन्हा सुरू झाला असता तर निर्णय बदलता आला नसता. ते वळले, गोलाकडं गेले, बाजूच्या जाळ्यात हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला.

त्यांनी पुतण्याला बोलावलं. “बॉल कुठून गेला?”

“काका...”

“काका घरी हाय. बॉल कुठून गेला?”

पोरगं खाली बघत म्हणालं, “खांबाच्या बाहेरून, बाजूच्या भोकातून.”

काकांनी येऊन माझ्या हातातला माइक घेतला. “गोल न्हाई. जाळ्याला भोक हाय. मॅचच्या आधी मी बघायला पाह्यजे होतं, न्हाई बघितलं. चूक माझी हाय.”

चपलांचा पाऊस पडला. शेवटची चप्पल पडेपर्यंत काका जागचे हलले नाहीत. मग म्हणाले, “ज्याची त्यानं उचला, खेळ सुरू करायचाय.” आम्ही पेनल्टीवर हरलो.

पुढचं मला पुतण्यानंच सांगितलं. घरी जाऊन त्यानं खोलीची कडी लावून घेतली. थोड्या वेळानं दारावर थाप पडली.

“रेफरीला काय शिव्या द्यायच्या त्या उद्या मैदानात दे. आता काका घरी हाय. दार उघड, भाकर गार होऊन राहिली.”

त्यानं दार उघडलं. एका ताटात जेवताना दोघंही रडले म्हणे. आम्ही लोकांनी मात्र बरेच दिवस काकांशी धड बोलणं टाकलं होतं. ते आपले आम्हाला बघून आधीसारखेच हसायचे.

या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. कुठंही शिट्टी वाजली की मी अजून वळून बघतो. फार मायेचा माणूस होता.

यंदाच्या फायनलला मी माइक घेऊन जरा लवकरच गेलो. पुतण्या गोलामागं उकिडवा बसून सुतळीनं जाळं बांधत होता. तेवढ्यात औशाचा कॅप्टन आला. त्याला काहीच माहीत नव्हतं.

“काका दिसंनात कुठं? आले न्हाईत का?”

पुतण्यानं गाठ घट्ट ओढली. मान वर न करता म्हणाला, “काका घरी हाय.”

मला दोन्ही संघांची नावं वाचायची होती. कागद समोर होता, पण वाचता येईना.