देवपूरच्या लाऊडस्पीकरवाल्याविषयी खुलासा

दिवाळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी, दुपारी बाराच्या सुमारास, धुळ्यात पांझरेच्या पुलापलीकडे देवपुरात एका लाऊडस्पीकरवाल्यावर अन्याय झाला. अन्याय करणारा सावकार नव्हता, पोलीस नव्हता, कुठला साहेबही नव्हता. मी होतो. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि जगातल्या सगळ्या अन्यायांचा निषेध करण्यात इतका गुंतलो होतो, की हा एक माझ्याच हातून छापून गेला हे मला कळलंच नाही.

त्या माणसाचं नाव इथे देत नाही. मी छापलेल्या पत्रकातही दिलं नव्हतं. तरी सगळ्यांनी ओळखलं. आपल्याकडे असंच असतं, तुम्हीही पाहिलं असेल. ‘एक’ म्हणायचं आणि पुढे पत्ता सांगायचा, झाला सभ्यपणा.

त्याला सगळे भाऊ म्हणत. पन्नाशीचा, अंगाने काटक, खिशात कायम टेस्टर. लग्न, वाढदिवस, शाळेचं गॅदरिंग, मयताचं भजन, कुठेही लाऊडस्पीकर लावला की भाऊ एक गोष्ट करायचा. स्पीकरपासून चाळीस पावलं चालत जायचा आणि तिथे स्पीकरकडे पाठ करून उभा राहायचा. मान थोडी खाली, डोळे मिटलेले. लग्नातले पाहुणे समजायचे, हा रुसला.

मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, “दादा, समोर बसेल मानूस आपला ऱ्हास. तो बिगर माईकबी ऐकस. पाठ करीसन उभा शे ना, त्याले ऐकू येवाले जोयजे.”

समोर बसलेला माणूस आपलाच असतो, पाठ फिरवून उभा आहे त्याला ऐकू गेलं पाहिजे. हे वाक्य मी लगेच वहीत लिहून घेतलं, कारण मला ते घोषणेसारखं वाटलं. त्याचा अर्थ स्पीकरशीही आहे हे लक्षात यायला पुढे दोन महिने गेले.

चळवळीत आमचं कलापथक होतं. पाच जण. डफ, ढोलकी, हार्मोनियम, सुनंदा नावाची खरोखर गाणारी मुलगी आणि मी. मी गात नसे. मी दोन गाण्यांच्या मध्ये बोलत असे. ते बोलणं गाण्यांपेक्षा लांब असे, हे इतर चौघांचं म्हणणं. सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावरच्या बायकांनी आम्हांला बोलावलं होतं. पाड्याच्या तोंडाशी दारूचं दुकान होतं. ते बंद करायचा ठराव बायकांना गावसभेत मांडायचा होता. आधी सगळ्यांसमोर गाणी व्हावीत, त्यांच्यातली एक अक्का स्वतः रचलेलं गाणं म्हणणार, मग हात वर करून ठराव, असं ठरलं होतं. वीज तिथे दिवसातून कधी येईल ते वीजच जाणे. म्हणून आमचा स्वतःचा, उचलून नेता येईल असा, बॅटरीवरचा लाऊडस्पीकर घ्यायचा होता.

मी भाऊकडे गेलो आणि सांगितलं, “सगळ्यांत मोठा दाखवा.”

भाऊने आधी मलाच पाहून घेतलं. “तू कोनता गावना?”

“रावेरकडचा.”

“केळीवाला,” तो म्हणाला आणि शेवटपर्यंत मला तेच म्हणत राहिला. आमच्या पूर्वेकडच्या बोलीची नक्कलही करायचा, अगदी वाईट.

मग त्याने दुकानात तीन वस्तू मांडल्या. एक पत्र्याचा भोंगा. एक उंच लाकडी डबा, ज्यात चार स्पीकर एकावर एक होते. आणि एक पेटी, त्याने स्वतः जुळवलेली. आतच अँप्लिफायर, आतच स्पीकर, मागच्या कप्प्यात स्कूटरची बॅटरी, वर कातडी पट्टा. दिसायला शिंप्याच्या मशीनच्या डब्याहून मोठी नाही. तो मला प्रश्न विचारू लागला. बस कुठपर्यंत जाते? तिथून पायी किती? माणसं किती बसणार, गोल की रांगेत? माईकवर गाणारा एक की दोन? गाणं किती वेळ आणि भाषण किती वेळ?

“भाषण गरजेप्रमाणे,” मी म्हणालो.

“कोनी गरज?” त्याने विचारलं. कुणाची गरज, हे मी तेव्हा ऐकलं नाही असं दाखवलं.

मला भोंगा हवा होता. एक नव्हे, दोन. सोबत शंभर वॅटचा अँप्लिफायर. वॅट म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. मोठा आकडा म्हणजे मोठी चळवळ, एवढं गणित पक्कं होतं. भाऊने तो सगळा संच, वर ट्रॅक्टरची बॅटरी, माझ्या आणि ढोलकीवाल्याच्या अंगावर लादला आणि म्हणाला, “जा, पूल ओलांडीसन परत या.” आम्ही भर दुपारी पांझरेच्या पुलावरून ते ओझं घेऊन निघालो. पुलाच्या मध्यावर ढोलकीवाला खाली बसला आणि म्हणाला, तो शास्त्रीय संगीताकडे वळतोय.

परत आलो तर भाऊ चहा पीत होता. “आते सांग. तुमले लोकेसले गानं ऐकाडनं शे का भेव दखाडनं शे?”

गाणं ऐकवायचं आहे की भीती दाखवायची आहे. मला खरं तर त्यातलं दुसरंच करायचं होतं. पण मी चिडलो. म्हणालो, “भाऊ, समोर दारूवाला आहे. त्याच्या छातीत धडकी भरली पाहिजे.”

“मंग फटाका लई जा,” भाऊ म्हणाला. “भोंगामा बाईनं गानं पत्रानं व्हई जास. मी देवाव नही.” भोंग्यात बाईचं गाणं पत्र्याचं होऊन जातं, मी देणार नाही.

एवढंच झालं. एका कारागिराने चुकीची वस्तू द्यायला नकार दिला. पण पत्रक लिहिणाऱ्या माणसाला असं साधं काही दिसत नाही. त्याला मागे कोण आहे ते दिसतं. मी त्याच संध्याकाळी पिवळ्या कागदावर छापायच्या पत्रकात, तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी, एक ओळ घातली: ‘देवपुरातील पुलाजवळचा एक लाऊडस्पीकरवाला दारूवाल्यांच्या दबावाखाली चळवळीचा आवाज दाबत आहे.’ पुलाजवळ लाऊडस्पीकरवाला एकच होता. सुनंदा म्हणाली, “तुझ्याकडे पुरावा काय?” मी म्हणालो, “परिस्थितीजन्य.” हा शब्द मी नुकताच शिकलो होतो.

मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, ते पत्रक मी स्वतः वाटलं. भाऊलाही दिलं. त्याने ते चष्मा लावून पूर्ण वाचलं, नीट चार घड्या केल्या आणि शर्टाच्या खिशात टेस्टरशेजारी ठेवलं.  मी याचा अर्थ, गुन्हेगार निरुत्तर झाला, असा घेतला.

भोंगे मी जळगावला जाऊन एका दुकानातून आणले. दुकानदाराने मला एकही प्रश्न विचारला नाही. मला तो फार पुरोगामी वाटला.

पाड्यावर काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण लांबण लावली तर मलाच लाज वाटेल. शेवटच्या बस थांब्यापासून बैलगाडी करावी लागली. दोन भोंगे मोहाच्या झाडाला बांधले. सुनंदाने पहिली ओळ म्हटली आणि झाडावरचे पक्षी उडाले. पुढे बसलेल्या बायका हळूहळू मागे सरकल्या, मग अजून मागे. तान्ही पोरं रडू लागली. मग अक्का उठली. तिने आयुष्यात पहिल्यांदा माईक हातात घेतला, तोंडाजवळ नेला आणि भोंग्याने कान फाटतील अशी शिटी मारली. ती थांबली. पुन्हा नेला. पुन्हा शिटी. दारूच्या दुकानाशी उभे असलेले पुरुष हसले. कुणीतरी ओरडलं, “गाडी सुटनी रे!” अक्काने माईक जमिनीवर ठेवला, पदर सावरला आणि जाऊन मागे बसली. ती परत उठली नाही. ठराव मांडलाच गेला नाही.

भोंगा शिटी मारत असतानाही मी भाषण केलं, हे सांगायचं राहिलं.

परतताना बैलगाडीत सुनंदा एकच वाक्य बोलली. “दबाव आला असेल तर तो आपलाच आला.”

दुसऱ्या दिवशी ती मला न सांगता भाऊकडे गेली. काय बोलली माहीत नाही. पण महिन्याभराने बायकांनी पुन्हा सभा बोलावली, तेव्हा धुळ्याच्या स्टँडवर भाऊ आधीच येऊन बसला होता. मांडीवर पेटी, गळ्यात पट्टा. मी नमस्कार केला. तो म्हणाला, “चाल, केळीवाला.” पत्रकाचा विषयच नाही. मला वाटलं, विसरला.

पाड्यावर त्याने आधी सगळीकडे फिरून घेतलं. पेटी झाडाला बांधली नाही. एक खाट मागवली आणि तिच्यावर, खाली बसलेल्या बाईच्या कानाच्या उंचीला, ठेवली. गाणाऱ्यांना पेटीच्या मागे बसवलं, म्हणजे माईकला पेटीचा आवाज परत ऐकू जाऊ नये. शिटी त्यानेच होते, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. डफवाल्याने माईक मागितला तर म्हणाला, “डफले कसाले माईक? तो जलमथीनच मोठा बोलस.” डफ जन्मापासूनच मोठ्याने बोलतो. मग अक्कासमोर जाऊन उकिडवा बसला. अक्का माईककडे सापाकडे पाहावं तशी पाहत होती.

“अक्का, सांजले वट्टावर बसीसन बोलतस ना, तसंच बोला. बाकीनं हाई पेटी दखी लेई.”

ओट्यावर बसून बोलता तसं बोला, बाकीचं ही पेटी पाहून घेईल. अक्का हसली. आणि भाऊ चालू लागला. चाळीस पावलं, थेट दारूच्या दुकानापर्यंत, जिथे पुरुष आमच्याकडे पाठ करून उभे होते. तिथे जाऊन तोही पाठ करून उभा राहिला, त्यांच्यातलाच एक असल्यासारखा.

अक्काचा आवाज मोठा नव्हताच. पेटीने तो मोठा केलाही नाही. फक्त तिथपर्यंत नेला. ती गाण्यात सांगत होती, घरातलं कोणतं भांडं कधी गेलं, कोणत्या सणाला चूल पेटली नाही, कोणत्या दिवशी ती पोराला घेऊन रानात जाऊन बसली. एकेका कडव्याला दुकानापाशी एकेक मान वळत गेली. तिचा नवरा तिथेच होता. विडी हातात विझली तरी त्याला कळलं नाही. गाणं संपल्यावर भाऊने तिकडूनच नुसता हात वर केला. त्याचा अर्थ, आवाज ठीक आहे. बायकांना वाटलं ठराव सुरू झाला. सगळ्यांचे हात वर झाले. मागून पाचसहा पुरुषांचेही.

दुकान त्या आठवड्यात हललं. पुढे ते शेजारच्या पाड्यावर उघडलं, तो वेगळा झगडा.

ठराव झाला तसा मी भाषणाला उठलो आणि पेटी बंद पडली. भाऊ येऊन वाकला, तारा पाहिल्या, म्हणाला, “बॅटरी बसनी.” मी खाली बसलो. धुळ्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा त्याच पेटीवर तो चहावाल्याच्या पोरीची कविता सगळ्या स्टँडला ऐकवत होता. त्याने आयुष्यात कुणाचा आवाज दाबला असेल तर तो एवढाच, आणि त्याबद्दल कलापथकातल्या चौघांनी त्याचे आभार मानले.

तिथेच, स्टँडवर, त्याने खिशातून ते पिवळं पत्रक काढलं. घड्या फाटत आल्या होत्या.

“केळीवाला, मी कोना आवाज दाबा, सांग.”

मी म्हणालो, “भाऊ, चुकलं. माफ करा.”

“माफी नको. तू बठ्ठं छापस ना, मंग इतलंबी छाप. छापेलनं उत्तर छापीसनच देवानं.”

सगळं छापतोस ना, मग एवढंही छाप; छापलेल्याचं उत्तर छापूनच द्यायचं. मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो, हेही लिहून ठेवतो, कारण बहुतेक खोटी आश्वासनं मनापासूनच दिलेली असतात.

पुढच्या पत्रकात जागा नव्हती. त्यापुढच्या वेळी निवडणूक होती, आणि विरोधक आमच्या दिलगिरीचा फायदा घेतील असं मीच चळवळीच्या समितीत मांडलं. देवपुरातल्या एका शाळेने गॅदरिंगचं काम भाऊकडून काढून घेतलं. हेडमास्तर म्हणाले, चळवळीच्या मुलांनी त्याच्याबद्दल काहीतरी लिहिलंय, उगाच भानगड नको. भाऊने हे मला तक्रार म्हणून नाही, बातमी म्हणून सांगितलं. वर म्हणाला, “वाचतस रे तुमनं पत्रक लोके. मी समजी ऱ्हायन्तू कोनी वाचत नही.” एरवी ही दाद ऐकून मी आठवडाभर फुशारलो असतो.

त्याने छापण्याबद्दल तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारलं नाही. मला बरं वाटलं. हे वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली: मला बरं वाटलं.

गेल्या महिन्यात मी खुलाशाचा मसुदा घेऊन पुलाजवळ गेलो. दुकानाच्या जागी एसटीडी बूथ आहे. भाऊ दोन वर्षांपूर्वी दुकान बंद करून दोंडाईच्याला मुलीकडे गेला होता. मी गाडीने दोंडाईच्याला गेलो. स्टेशनमागच्या घरात त्याची बायको गहू निवडत बसली होती. मी नाव सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं.

“तुमीच का ते पत्रकवाला?”

“हो, काकू. भाऊ आहेत का?”

“पोळाले वारनात.” पोळ्याला वारले. मग ती माझ्या हातातल्या कागदाकडे बघून म्हणाली, “धुळानं कोनीबी वनं का ते इचारेत, त्या पोऱ्यानं छापं का?”

धुळ्याहून कुणीही आलं की भाऊ विचारायचा, त्या पोराने छापलं का.  तिनेच पाणी दिलं.

तर वाचकहो, आज छापतो आहे. देवपुरातल्या त्या लाऊडस्पीकरवाल्यावर कुणाचाही दबाव नव्हता. त्याने कुणाचाही आवाज दाबला नाही. ती ओळ खोटी होती, ती मी लिहिली आणि खोटी आहे हे कळल्यावरही सहा वर्षं तशीच राहू दिली. पण एवढ्याने भागत नाही. ते पिवळं पत्रक मी हजार हातांत ठेवलं होतं, आणि आपल्या लोकांना कागद टाकवत नाही हे मला ठाऊक आहे. ते तुमच्या ट्रंकेत असेल, पिठाच्या डब्याखाली असेल, पोराच्या पुस्तकाला कव्हर म्हणून असेल. उठा, शोधा. तिसऱ्या परिच्छेदाची शेवटची ओळ पेनाने खोडा, आणि शेजारी तुमच्या अक्षरात लिहा: खोटं. मग ज्या हेडमास्तरांनी, ज्या मंडळाने, ज्या वरबापाने ती ओळ वाचून त्याचं काम काढून घेतलं, त्यांनी तो कागद घेऊन दोंडाईच्याला जावं आणि काकूंना दाखवावा. त्या स्टेशनमागेच राहतात. आजच जा.