पहिली तार धरायला

आमच्या घरात बॅडमिंटनच्या रॅकेटला गटिंग करायचं मशीन आहे, आणि त्या मशीनचा एक पार्ट मी आहे. चेष्टा नाही करत. आमचे हे बीडमधल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक. शाळा सुटली की समोरच्या खोलीत ह्यांचं गटिंग सुरू होतं. डॉक्टर, वकील, कॉलेजची पोरं, सगळ्यांच्या रॅकेटी आमच्या सोफ्यावर पडलेल्या. आल्यागेल्याला बसायला जागा नाही.

गटिंग म्हणजे रॅकेटची जाळी विणणं. आधी उभ्या तारा, मग आडव्या. वजनाचा दांडा खाली सोडला की तार ताणली जाते, आणि ताणलेली तार मशीनचे चिमटे धरून ठेवतात. पण आमच्या मशीनचे चिमटे शेजारशेजारच्या दोन तारांना मिळूनच धरतात. सुरुवातीला तार एकटी. तिला शेजारीण नाही, मग तिला धरणार कोण? त्यासाठी स्टार्टिंग क्लॅम्प म्हणून मुठीत मावेल एवढा स्प्रिंगचा चिमटा मिळतो. तार फ्रेमच्या बाहेर निघते तिथं तो लावायचा आणि आपल्या कामाला लागायचं. मशीन आलं तेव्हा तो सोबत नव्हता. मी म्हटलं, "अहो, ते बी घ्या की." तर हे म्हणाले, "घरात माणूस असताना चिमटा कशाला इकत घ्यायचा?"

माणूस म्हणजे मी, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

"अगं ए, ये जरा. धर." तव्यावर भाकरी असू दे, फोनवर माझी आई असू दे, जायचं. हातात पक्कड घ्यायची, तिच्या दातांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेले. तिनं तार आवळून वाकून उभं राहायचं आणि ह्यांचं ऐकायचं. "नीट धर. सैल सोडू नको. लक्ष कुठं हाय तुझं?" दोन-तीन तारा झाल्या की चिमटे लागतात, मग माझी गरज नसते. तेव्हा ह्यांनी फक्त "सोड" म्हणायचं असतं. तेवढा एक शब्द ह्यांच्या तोंडून वेळेवर निघेल तर शपथ! फोन वाजला की हे फोनवर. कुणाची शाळेत बदली झाली, कुणाच्या पोराला कुठं ॲडमिशन मिळालं, सगळं निवांत चालू, आणि मी पक्कड धरून खांबासारखी उभी. आत भाकरी करपल्याचा वास. एकदा मी आपली आपण सोडली, तर नेमके चिमटे लागलेच नव्हते. तार सटकली आणि ह्यांनी घर डोक्यावर घेतलं. "म्हणल्याशिवाय कावून सोडलीस?" तेव्हापासून मी म्हणल्याशिवाय सोडत नाही.

आता मुद्द्याचं. मीही खेळते. घरात ते कुणाच्या लक्षात नसतं, म्हणून सांगायचं. सकाळी हॉलवर बायकांची बॅच असते, तिथं जाते. माझी जोडीदारीण फळांच्या व्यापाऱ्यांच्या घरातली सून. माझ्याहून लहान, पण नेटजवळ अशी उभी राहते की समोरची बाई शटल टाकायलाच दचकते. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या महिला दुहेरीत ऐन सामन्याच्या आदल्या दिवशी माझ्या रॅकेटची तार तुटली. कुणाची तरी जड रॅकेट मागून खेळले आणि पहिल्याच सामन्यात आम्ही बाहेर. येताना रिक्षात ती मला एका शब्दानं बोलली नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. यंदा मी तिला शब्द दिला होता की माझ्यामुळे हरायचं नाही.

आणि यंदाही ऐन सामन्याच्या आठवड्यातच तार तुटली; सामना रविवारी. सोमवारी मी रॅकेट सोफ्यावर ठेवली, सगळ्यांच्या वर, दिसेल अशी. हे म्हणाले, "करतो की. तुझी घरचीच हाय, कवाबी होईल." मंगळवारी दाताच्या डॉक्टरांची झाली. मग वकिलांची झाली. मग वकिलांच्या मेव्हण्याची झाली, तो तर शिरूर कासारहून आला होता, त्याला रिकाम्या हातानं परत कसं पाठवायचं! प्रत्येकाची पहिली तार मी धरली. माझी रॅकेट सरकत सरकत ढिगाच्या तळाला गेली. संताप संताप झाला नुसता.

शनिवारी दुपारी जोडीदारणीचा फोन. "भाभी, रॅकेट झाली ना?" मी म्हटलं, "झालीच." फोन ठेवला आणि तडक बाजारात खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले. म्हटलं, माझी मी करते, फक्त स्टार्टिंग क्लॅम्प द्या.

दुकानदार म्हणाला, "ते न्हाई ठेवत ताई, कुणी मागतच न्हाई. सर काय वापरतात?"

"मला," मी म्हटलं.

तो हसला. मला काही हसू आलं नाही. ऊन मी म्हणत होतं, रिक्षा मिळेना, अर्ध्या रस्त्यात डोळ्यांत पाणी आलं ते उन्हानं नाही, रागानं. उद्या परत ती रिक्षात गप्प बसणार आणि मी बाहेर रस्त्याकडं बघणार.

घरी आले तर हे जेवून आडवे झालेले, मोबाईलवर क्रिकेट. मी ढिगाच्या तळातून माझी रॅकेट ओढून काढली, मशीनवर बसवली, तार ओवली.

"उठा. धरा."

"काय?"

मी पक्कड हातात दिली. हे उठून बसले. "अगं, तुला जमतंय का? मी करतो ना संध्याकाळी."

"इतकी वर्षं डोळे मिटून नव्हते उभी. धरा."

काय वाटलं कोण जाणे, धरली. मी दांडा सोडला. तार ताणली तशी पक्कड ह्यांच्या हातात थरथरली.

"नीट धरा. सैल सोडू नका."

"लई वढतंय गं."

"वढतंय तर. लक्ष कुठं हाय तुमचं?"

दुसरी तार ताणली. ह्यांनी एकदा ह्या पायावर, एकदा त्या पायावर भार घेतला. मग नवीनच काहीतरी सुचल्यासारखे म्हणाले, "हात भरून आला बग. ऐक ना, त्यो स्टार्टिंग क्लॅम्प येतो, त्यो मागवून टाकू का? ऑनलाइन मिळतंय." आणि मोकळा हात खरंच मोबाईलकडे गेला.

इतकी वर्षं, आणि ह्यांना दोन तारा पुरल्या. ओठांवर आलेलं सगळं मी गिळलं. पुढची तार ताणली. चिमटे लावून बघितले, घट्ट लागले. आता कुणी धरायची गरज नव्हती.

तेवढ्यात माझा फोन वाजला. जोडीदारीणच होती. "भाभी, खरंच झाली ना?"

"होतीय," मी म्हटलं. "एकदम टाईट होतीय."

"सोडू का?" ह्यांनी वाकल्या वाकल्या विचारलं. कपाळावर घाम आला होता.

मी हातानं थांबा म्हणून खूण केली, खुर्ची ओढून बसले, आणि उद्या किती वाजता निघायचं, पाण्याच्या बाटल्या कुणी घ्यायच्या, ते सगळं तिला पहिल्यापासून विचारायला लागले.