येडशीला मी उतरले नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीलाही नाही. चारचौघांत मला बोलता येत नाही. चौथी शिकले तेवढं लिहिता येतं, म्हणून तुम्हाला लिहिते.

मला रेल्वेचं वेड होतं. आताच्या मोठ्या गाडीचं नव्हे, आमच्या ढोकीवरून जायची त्या जुन्या लहान गाडीचं. गुडघ्याला गुडघा लागेल एवढा डबा, लाकडी बाकं. येडशीच्या पुढं घाटात ती इतकी हळू चालायची की खिडकीतून हाताला पाला लागायचा. बाईमाणसाला असलं वेड असावं का? असो नसो, मला होतं.

माझी नणंद सुमन. कळंबला दिलेली. लग्नाला सहा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. माझ्या सासूबाईंनी — मी त्यांना आत्याबाई म्हणायचे — येरमाळ्याच्या येडाईला पाच पौर्णिमा ओटी भरायचा नवस बोलला. त्यांचे गुडघे धरलेले, म्हणून मला पाठवायच्या. येडशीपर्यंत रेल्वे, पुढं एसटी. "खण देवीच्या पायाला लावूनच ठिव. लांबून टाकू नगंस," एवढंच सांगायच्या.

पहिल्या पौर्णिमेला येडशी आली. बायका उतरल्या. मी — बसून राहिले. कशासाठी? पुढं घाट होता म्हणून. दुसरं काहीच नाही. बार्शीपर्यंत गेले. नारळ डब्यातच फोडून वाटला. शेजारची भाजीवाली हसली, "काय गं, आज आमालाच देवी केलंस व्हय?" खण तिलाच दिला. दुकानातून कुंकवाची पुडी घेतली, उलट्या गाडीनं घरी आले, आणि पुडी देवीची म्हणून आत्याबाईंच्या हातात ठेवली. त्यांनी ती डोळ्यांना लावली.

एकदा झालं तर चूक म्हणता येते. पण पाची वेळा?

सुमनला मूल झालं नाही. माझ्यामुळं देवीनं दिलं नाही, असं कुणी म्हणालं तर मी मानणार नाही. पण आत्याबाई म्हणायच्या, "माझ्याच हातून काय तरी उणं पडलं." त्यांनी मंगळवार धरले. पायातली चप्पल सोडली. त्यांच्या भेगांना तेल मीच लावायचे — तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. का नाही बोलले? भीती होती, पण तेवढंच नव्हतं. त्यांनी पुन्हा पाच पौर्णिमा बोलल्या होत्या. मला पुन्हा गाडी मिळणार होती. ती मी घेतली. पाची वेळा घेतली.

पुढं ती गाडी बंद झाली. आत्याबाई शेवटपर्यंत अनवाणीच राहिल्या, तशाच गेल्या.

परवा सुमन आली होती. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आईचंच काय तरी चुकलं असंल, वहिनी."

मी हो म्हणून मान हलवली.

गाडी आवडायची याची मला आजही लाज वाटत नाही. मान हलवल्याची वाटते. तरी मी ती हलवली.